पळस नसलेल्या देशात

अल् खुवैर, मस्कत
शनिवार, ४ ऑक्टोबर

अश्लेषावहिनी,

दादा आहे की नाही? काकांच्या जितेशच्या फोनवरून तू एवढंच विचारलंस, आणि त्याचं उत्तर मला येत नाही. वर्गात मुलांनी मला न येणारं काही विचारलं की मी म्हणते, उद्या बघून सांगते. तुलाही तसंच सांगत मी ऑगस्टपासून इथवर आणलं. आता ते पुरत नाही, हे मला कळतं.

सर्वपित्रीपासून तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून कागदावर लिहिते आहे. दादाच्या दोस्ताची, मुजम्मिलभाईंची, बायको खुदेजा माहेरी राजापूरला चालली आहे. वाटेत संगमेश्वरला जितेश तिला भेटेल आणि हे पाकीट घेईल. आईने 'काय लिहिलंय, वाच' म्हटलं तर एवढंच वाच: पूर्वा बरी आहे, वेळेवर जेवते, शाळा सुरू झाली. बाकीचं तुझं एकटीचं.

काल मी पुलावर गेले होते. मुजम्मिलभाईंनी त्यांच्या पिकअपमधून नेलं.

तो पूल तुला माहीत आहे. आपल्या टीव्हीच्या वर दादाचा जो फोटो आहे, काळा चष्मा लावून कठड्याला टेकलेला, पाठीमागे वरपासून खालपर्यंत फाटलेला डोंगर आणि तळाशी हिरव्या पाण्याची रेघ, तो तिथलाच. गावाकडून कोणी नवा आला की पहिल्या शुक्रवारी दादा त्याला गाडीत घालून तिथे न्यायचाच. मस्कतहून कुरियात, तिथून सूरचा रस्ता. डावीकडे समुद्र, उजवीकडे गवताचं पातंही नसलेले डोंगर, मधे नुसती खडी, कुठे एखादी बाभूळ, आणि कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे उंट. मी नोकरीला आले तेव्हा मलाही नेलं होतं. पुलाजवळ आल्यावर म्हणाला, "डोळे मिट, मी सांगेन तेव्हा उघड." उघडले तर पायाखाली एवढी खोली की मी त्याचा दंडच धरला. "बघ," म्हणाला, "अख्खा देश कोरडा आणि इथे बारमाही पाणी. आपली शास्त्रीच घरात भांडून इकडे आली असणार."

वहिनी, तो रस्ता अजूनही तितकाच सुंदर आहे. काल ते मला सहन झालं नाही. ऊन पडलं होतं, समुद्र निळा होता, लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. काहीतरी बदललेलं असायला हवं होतं.

पुलाच्या पुढे जिथे सगळे थांबतात तिथे मुजम्मिलभाईंनी गाडी लावली. मग पहिल्यांदा त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. फोनवर आपण दोघींनी जे ऐकलं ते तुकडे होते. त्या वेळी आपण ओटीवर बसून मखराचे कागद कापत होतो, आणि पुढचं काही आपल्या कानांत शिरलंच नाही. म्हणून लिहिते. तुला हे माहीत असायला हवं.

दादा आणि ते, दोघंच होते. चार दिवसांनी दादा गणपतीला निघणार, म्हणून शेवटचा शुक्रवार मजेत घालवायला आले होते. पुलाच्या बाजूने एक पायवाट खाली पाण्यापर्यंत जाते. दादा डोहात उतरला. आभाळ स्वच्छ होतं. लांबच्या डोंगरामागे तेवढं काळपट दिसत होतं.

मुजम्मिलभाई म्हणाले, "धनंजय, निघूया का रे? डोंगरात पडतोय वाटतं."

दादा पाण्यातूनच म्हणाला, "अरे राजापूरकर, ही काय तुमची गंगा आहे, मनात येईल तेव्हा यायला? मी नदीकाठी जन्मलोय. पूर यायचा तर आधी पाणी गढूळतं, मग पाचोळा येतो, मग बायका धुणं गोळा करतात, त्यानंतर येतो पूर. तेवढ्यात चहा पिऊन होतो. थर्मास आण तू वरून."

मुजम्मिलभाई थर्मास आणायला वर आले. "एवढाच फरक, पूर्वा," ते म्हणाले. "त्याला चहा हवा होता."

वरून त्यांनी पाहिलं. पलीकडच्या काठावर खजुराच्या बागेतली माणसं उभी राहून दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. दादाने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यानेही हात हलवला. त्याला वाटलं, सुट्टीची माणसं आहेत, सलाम करतायत.

इथे पाणी गढूळ होत नाही, पाचोळा येत नाही. ज्या डोंगरात पाऊस पडतो तो दिसतही नाही. आधी शांत डोह असतो आणि मग एकदम पाण्याची भिंत येते; तीच दादाला घेऊन गेली. आपल्या नदीने त्याला जे शिकवलं होतं ते त्याने इथे खरं मानलं. त्याला पोहता येत नसतं तर तो उतरलाच नसता.

हे सगळं ऐकूनही मी तुला 'नाही' असं लिहू शकत नाही. कारण सूरच्या इस्पितळात एक माणूस आहे. वादीच्या, म्हणजे त्या दरीतल्या नदीच्या, मुखाशी सापडला, बोलत नाही, ओळख पटलेली नाही. तुम्ही सर्वपित्रीला पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायला निघालात तेव्हा मी फोनवर ओरडले ते याच्याच जोरावर. "जिवंत माणसाला जाळताय तुम्ही," असं मी सगळ्यांच्या देखत बोलले. तू तेव्हा खोलीतून उठून गेलीस, जितेशने सांगितलं. मला अजून त्या माणसाला बघू दिलेलं नाही, अर्ज केला आहे. थोडं थांब. मला आशा आहे, आणि तुलाही असावी.

तुझी,
पूर्वा


अल् खुवैर
शनिवार, १ नोव्हेंबर

वहिनी,

तो दादा नाही.

काल मला आत सोडलं. दारातूनच कळलं, तरी मी खाटेपर्यंत गेले. बांगलादेशी असावा, माझ्याहूनही लहान. मला बघून त्याचे डोळे भरले. त्यालाही कोणीतरी दुसरंच हवं होतं. मी त्याच्या उशाशी सफरचंदं ठेवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. मुजम्मिलभाईंना मला सांगावं लागलं नाही.

परत येताना पूल वाटेत लागतोच. मी म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, "कशाला आता?" आणि थांबवली.

आता मी जवळजवळ दर शुक्रवारी जाते. तुला सांगितलं नव्हतं. मुजम्मिलभाईंचं काम बरक्याला, म्हणजे मस्कतच्या अगदी दुसऱ्या टोकाला, आणि सुट्टी काय ती शुक्रवारची. तरी ते येतात. मी काठाकाठाने समुद्रापर्यंत चालते. झाडांच्या बुंध्यांत अडकलेली प्लास्टिकं, दोर, चपला उलटसुलट करून बघते. एक चप्पल दोन आठवडे पिशवीत जपून ठेवली, मग लक्षात आलं की ती डाव्या पायाचीच दुसरी आहे आणि एक डावी मी आधीच उचललेली होती. दोन्ही त्याच्या नव्हत्या.

काल तिथल्या आमिनाने मला हाक मारली. वादीच्या तोंडाशी जे गाव आहे तिथली ही म्हातारी, खजुराची बाग सांभाळते. तिचा नवरा कधीकाळी मुंबईला गलबतावर जायचा, त्यामुळे तिला हिंदी येतं, तिच्या पद्धतीचं. तिने कॉफी दिली, खजूर पुढे केले आणि सरळ विचारलं, "तुम हर जुम्मा आता है. क्या ढूंढता है?"

"भाई को."

"वो आता, तो तुम इधर क्यों आता? तुम घर में बैठके उसको चाय देता."

मग तिने सांगितलं, तिच्या लहानपणी तिच्या भावालाही वादीने नेलं. सापडला नाही. गावाने मशिदीत उभं राहून, समोर कोणी नसतानाच, त्याच्यासाठी शेवटची नमाज केली. "मेरा माँ रोया, फिर खाना पकाया," ती म्हणाली. "पानी वापस नहीं देता, बेटी. तुम क्या मांगता है पानी से?"

मला राग आला. मी म्हटलं, आमच्यात असं नसतं, पुरावा लागतो. आणि बोलताबोलताच आठवलं, आमच्यातही आहे की. पळसाची पानं आणि डोक्याच्या जागी नारळ. तोच विधी मी थांबवला.

वहिनी, मी घरातली पहिली शिकलेली. दादा दहावीनंतर एसीचं काम शिकला आणि मला म्हणाला, "तू शीक. घरात एकाला तरी नीट विचार करता यायला हवा." तो नीट विचार मी असा केला: दिसलं नाही तोवर मानायचं नाही. मुलांना मी हेच शिकवते, आणि ते चूकही नाही. पण त्याची किंमत कोण देतंय हे मी बघितलं नाही.

काकांना मी फोन करणार आहे. सगळं खरं सांगणार आहे.

पूर्वा


अल् खुवैर
शनिवार, २९ नोव्हेंबर

वहिनी,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. पण जितेशशी बोलले. त्याने जे सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नसतंस.

तुझे बाबा तुला न्यायला आले होते, देवरुखच्या बालवाडीत मदतनीस म्हणून जागा मिळत होती, आणि काकांनी त्यांना ओटीवरूनच चहा पाजून परत पाठवलं. "नवरा परदेशी असलेली बाई घर सोडून जाते काय?" आई रोज संध्याकाळी दादाचं ताट वाढते. ते गार होईपर्यंत तू जेवायचं नाहीस, आणि मग त्याच ताटात जेवायचं. कोणाच्या हळदीला गेलीस तर बायका कुंकू लावताना एक क्षण थांबतात. लावतात, पण थांबतात.

मी काकांना फोन केला तेव्हा मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटेल.

"काका, सूरचा माणूस दादा नव्हता."

"मग दुसरीकडं आसंल."

"काका, दादा बहुतेक नाही."

"बहुतेक म्हंजे काय गो? भात बहुतेक शिजला म्हणून पानात वाढतेस काय? हाय का नाय, ता सांग."

"मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तिथलं पाणी, तिथली दरी..."

"दरी मला नको सांगू. तू बघितलंस? नाय. पोलिसांनी बघितलं? नाय. आमच्यात शिकलेली तू एक. तूच बोललीस, जित्या माणसाला जाळताय. तुझ्या शब्दावर मी भटजीला दारातनं परत पाठवला. आता तूच बोलतेस बहुतेक. शाळेत आसंच शिकवतेस काय पोरांना?"

"मग आता काय करायचं?"

"रीत हाय. बारा वर्सं वाट बघायची. बघू."

"आणि वहिनी?"

"सवाशीण हाय ती. तिला काय कमी हाय?"

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. उलट थोडी सुटका होती. त्यांनाही 'नाही' म्हणायचं नाहीये. आईलाही नाही. मी त्यांच्या हातात आशा दिली, ते आता ती घट्ट धरून बसले आहेत आणि तिचा सगळा भार तुझ्या अंगावर आहे. बारा वर्षांनी तू अडतीस वर्षांची होशील.

मी इथे धडपड केली नाही असं नाही. शाळेतल्या विशाखाबाईंच्या ओळखीने एका वकिलाला भेटले. तो भला माणूस आहे. म्हणाला, मृतदेह नसेल तर कोर्टाकडून ठरवून घ्यावं लागतं, वर्षं लागतात, आणि तोवर कागदावर तुमचा भाऊ हयात आहे. मी विचारलं, "कागदाआधी घरच्यांनी मानलं तर?" तो म्हणाला, "घरच्यांनी काय मानायचं ते कोर्ट कसं सांगणार?"

कालही पुलावर गेले. पाणी एवढं शांत होतं की पुलाची सावली त्यात सरळ पडली होती. मी मुजम्मिलभाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "मी त्याला बघितला ना, पूर्वा. जाताना बघितला. मला वाटायचं काय उरलंय? तू त्याची बहीण, म्हणून मी दर जुम्म्याला गाडी काढतो. तू बोलशील त्या दिवशी खलास."

म्हणजे ते माझ्यासाठी येत होते, शोधायला नाही. मला वाटलं होतं, आम्ही दोघं शोधतोय.

आजकाल मला झोप येते, भूक लागते, मी मुलांना जलचक्र शिकवते. बाष्पीभवन, ढग, पाऊस, नदी, समुद्र. फळ्यावर बाण काढताना हात थांबत नाही. तेच सगळ्यात वाईट वाटतं.

पूर्वा


अल् खुवैर
शनिवार, २० डिसेंबर

अश्लेषा,

आज वहिनी म्हणत नाही. का, ते पुढे कळेल.

उद्या सकाळी मुजम्मिलभाई गावी निघतात. त्यांच्या हातात एक स्टीलचा डबा देते आहे, दादाच्याच खोलीतला, लाडू पाठवले होते तो. त्यात राख आहे. ती कसली, हे तुला एकटीला सांगायचं आहे, कारण काल फोनवर तू स्पीकरवरून जे ऐकलंस ते खोटं होतं.

काल अमावस्या होती आणि शुक्रवारही. पानांचा विधी इथेच करायचं ठरवून सकाळीच निघालो. वाटेत मुजम्मिलभाईंनी विचारलं, "यल्ला, चल, काय काय लागेल?" मी म्हटलं, पळसाची पानं. ते हसले. दादा येताजाता म्हणायचा, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. हा देश त्याला अपवाद निघाला. इथे पळसच नाही.

नारळ मी अल् मवालेहच्या दुकानातून घेतला. दुकानदाराने विचारलं, "पूजा का?" मी हो म्हटलं. दादाचा कामाचा शर्ट बरोबर नेला होता, निळा, खिशावर कंपनीचं नाव असलेला. आमिनाला मी काय करणार आहे ते सांगितलं. ती उठली. कोयता घेऊन बागेत गेली आणि खजुराच्या वाळलेल्या झावळ्यांचा भारा आणून टाकला.

पुलाखाली पात्राच्या कडेला लोक शुक्रवारी मांस भाजतात, तिथे दगडांची चुलाणं मांडलेली असतात. त्यातलंच एक मोठं, बाजूचं, आम्ही घेतलं. खजुराचं पान टोचतं, अश्लेषा. काट्यासारखं. मी त्याचे हात केले, पाय केले. दोऱ्याने बांधले. मुजम्मिलभाई पानं तोडून देत होते आणि मधेच म्हणाले, "उंची कमी होतेय. तो माझ्याहून उंच होता." मग मी पाय वाढवले. शर्ट घातला. नारळ ठेवला. बटणं लावताना मला वाटलं, हे मी करायला नको होतं, हे तुझं होतं. पण तू तिथे आहेस आणि तो इथे.

जे मंत्र मला शोधून सापडले ते म्हटले. काही चुकले असतील. भटजींना विचारलं नाही, बाईने अग्नी देऊ नये हे ते म्हणालेच असते. पेटवलं. धुराकडे कोणी बघितलंही नाही, सगळीकडेच धूर होता. शेजारच्या चुलाणावरचं एक ओमानी कुटुंब आपल्या ताटातलं घेऊन आलं, आम्हालाही द्यायला. त्यांना काय माहीत. मी म्हटलं, माझा उपास आहे. मुजम्मिलभाईंनी ताट हातात घेतलं, शुक्रन म्हटलं, आणि दगडावर ठेवून दिलं.

नारळ फुटला तेव्हा मुजम्मिलभाई दचकले. आमिना लांब उभी होती, दोन्ही तळवे उघडे धरून. मी रडले नाही. पानांचा माणूस फार पटकन जळतो.

राख गार झाल्यावर थोडी पाण्यात सोडली. पाणी तिला घेऊन गेलं, सावकाश, आपल्या नदीसारखं. बाकीची डब्यात भरली.

मग मी पुलावर चढले, कारण खाली फोन लागत नाही. कठड्याला टेकले, फोटोत दादा टेकला आहे तिथेच, आणि काकांना फोन केला. पुढचं तू ऐकलंस. तरी लिहिते, म्हणजे त्यातलं काय खरं नव्हतं ते तुला कळेल.

"काका, दादा सापडला."

"काय बोलतेस?"

"वादीच्या तोंडाशी, वाळूत. मी ओळखला."

"कशावरनं?"

"डाव्या पोटरीवरचा कोयत्याचा वण." हे मला आधी सुचलं नव्हतं. तोंडातून आलं. "काका, तो घरी आणण्यासारखा राहिला नव्हता. इथेच अग्नी दिला."

"कोणी दिला?"

"मी."

"बाईमाणसानं..."

"दुसरं कोण होतं, काका? कागद कोर्टातून यायला वेळ लागेल. राख पाठवते आहे."

मला वाटत होतं, आई आता किंचाळेल, आणि मी ते ऐकायचं असं ठरवलं होतं. ती किंचाळली नाही. लांबून तिचा आवाज आला, अगदी रोजचा.

"ताट उचल गो, अश्लेषा."

मग तुझं ताट उचलल्याचा आवाज आला. भांडं भांड्यावर आपटलं. तेवढं ऐकून मी फोन ठेवला.

म्हणजे हे असं आहे. मी दादाला पाहिलेला नाही. कोणीच पाहिलेला नाही. डब्यात खजुराची पानं आहेत, एक नारळ आणि एक शर्ट. विधीप्रमाणे तोच तो असतो, असं म्हणतात. मला ते मानता आलं तर बरं होईल, अजून आलेलं नाही. तुला खोट्यावर उभं करून माझ्या भावाच्या घरातून मोकळं करायचं, हे मला जमणार नाही, म्हणून हे लिहिलं. वाचून जाळून टाक. आणि देवरुखची ती जागा अजून असेल तर जा.

पूर्वा


रविवार, २१ डिसेंबर

अश्लेषा,

काल रात्री हे पाकीट चिकटवल्यावर तुझा निरोप आला. तुझ्या स्वतःच्या नंबरवरून. किती दिवसांनी तुझं नाव माझ्या फोनवर दिसलं.

"तू स्वतः पाहिलास ना? खरं सांग. मग मी कधी विचारणार नाही."

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मला कळलं की हे पत्र मी तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं. मला एकटीला खोटं पेलवेना, म्हणून अर्धं तुझ्या डोक्यावर ठेवत होते. हे वाचल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला की तू दचकली असतीस. दारात कोणी उभं राहिलं की आधी पोटरीवरचा वण बघितला असतास. देवरुखला गेलीस तरी ते ताट तुझ्याबरोबर आलं असतं.

आणि काका जे विचारत होते तेच तू विचारते आहेस. हाय का नाय. बहुतेक कोणालाच नको आहे. मी वर्गात जे शिकवते त्याला घरात कुठे ठेवायला जागाच नाही.

सकाळी शाळेच्या आधी विमानतळावर गेले. मुजम्मिलभाईंनी डबा दोन टॉवेलांत गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवला. म्हणाले, "कस्टमवाल्यांनी विचारलं तर?"

"राख आहे म्हणा. तेवढं तरी खरं आहे."

"आणि अश्लेषाने विचारलं तर?"

"मी तिला सांगितलं आहे. तुम्ही बोलू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही आता हे आयुष्यभर बाळगायचं आहे, आणि मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. "पुढच्या जुम्म्याला मी इथे नाही," ते म्हणाले. "तू जाशील का कोणाबरोबर?"

"नाही," मी म्हटलं. "सापडला ना तो."

त्यांचं विमान गेलं. डबा गेला. पाकीट मी दिलं नाही, ते माझ्या पर्समध्ये आहे आणि हे पानही त्यातच ठेवते आहे.

तुला मी काल रात्रीच उत्तर पाठवलं. हो, पाहिला.